घरी पहिल्यांदाच गाडीला वॅक्स करताय? कोणतं घ्यावं आणि कसं लावावं

तुमची परिस्थिती मला समजली ती अशी. गडद निळी हॅचबॅक, वय दोन वर्षं, वाकडमध्ये सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये उभी. शेजारच्या प्लॉटवर बांधकाम चालू, धुवायला बोअरिंगचं पाणी, आणि रोज सकाळी गाड्या पुसणारे एक काका. उन्हात पाहिलं की रंगावर गोल गोल बारीक रेषा दिसतात. मागचा बंपर घासला गेल्यामुळे महिन्याभरापूर्वी रंगवून घेतलाय. शोरूमने टेफ्लॉन कोटिंग सुचवलं, पण तुम्हाला घरी स्वतःच वॅक्स करायचंय, आणि कारनौबा, सीलंट की सिरॅमिक स्प्रे यात अडकलात.

आधी उत्तर देतो, मग कारणं. चांगल्या कंपनीचं लिक्विड सिंथेटिक सीलंट घ्या. बाटलीवर बहुतेक वेळा ‘सिंथेटिक वॅक्स’ किंवा ‘पॉलिमर वॅक्स’ असंही लिहिलेलं असतं. त्यासोबत एक फाइन ग्रेडचा क्ले बार (रंगाला चिकटलेले कण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी), दोन-तीन फोमचे अॅप्लिकेटर पॅड आणि पाच-सहा चांगले मायक्रोफायबर टॉवेल घ्या. बजेट मर्यादित असेल तर वॅक्स स्वस्तातलं घ्या, पण टॉवेल आणि क्लेमध्ये काटकसर करू नका. गाडी शेवटी कशी दिसणार हे डब्यातल्या वॅक्सपेक्षा त्याखालचा रंग किती स्वच्छ आहे आणि तुमचा थर किती पातळ आहे यावर ठरतं. इतक्या वर्षांच्या कामात मला याला अपवाद सापडलेला नाही.

वॅक्सकडून काय अपेक्षा ठेवायची हे पहिल्यांदा स्पष्ट असायला हवं, नाहीतर काम उत्तम होऊनही तुमची निराशा होईल. आजच्या गाडीच्या रंगात पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. तुम्हाला दिसणारी चकाकी त्या क्लिअर कोटची. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही कमी. तुम्हाला दिसणाऱ्या गोल रेषा या क्लिअर कोटवर पडलेले बारीक ओरखडे आहेत. वॅक्स त्यांना बुजवत नाही. थोडं तेल आणि मेण त्या खाचांत बसतं, त्यामुळे काही आठवडे त्या कमी दिसतात, इतकंच. ओरखडे खरोखर घालवायचे तर पॉलिश करावं लागतं, म्हणजे क्लिअर कोटचा अगदी वरचा भाग घासून सपाट करायचा. वॅक्स वर काहीतरी ठेवतं, पॉलिश वरचं काहीतरी काढतं. ही दोन कामं वेगळी आहेत.

हे ठासून सांगतोय कारण आपल्याकडे बऱ्याच वॉशिंग सेंटरवर ‘वॅक्स पॉलिश’ या एकाच नावाखाली जे करतात ते प्रत्यक्षात रबिंग कंपाऊंड, म्हणजे रंग घासणारी पेस्ट असते. गाडी त्या दिवशी लखलखते, मालक खूश होतो, आणि दर वेळी क्लिअर कोट थोडा थोडा झिजत जातो. कडांवर, जिथे क्लिअर कोट आधीच पातळ असतो, तिथे काही वर्षांत रंग फिका दिसू लागतो. गेलेला क्लिअर कोट परत येत नाही, मग तो भाग पुन्हा रंगवण्याशिवाय इलाज उरत नाही. म्हणून कुठेही गाडी दिली तरी कोणता डबा उघडलाय ते बघा. त्यावर ‘कट’ किंवा ‘कंपाऊंड’ असा शब्द असेल तर ते वॅक्स नव्हे.

टेफ्लॉनबद्दल एकच सांगतो. टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई. ते ३२७ अंश सेल्सियसच्या आसपास वितळतं आणि तव्यावर बसवताना त्याहूनही जास्त तापवावं लागतं. गाडीच्या रंगाला ते तापमान सोसणारच नाही. शोरूममध्ये हाताने किंवा मशीनने लावतात ते मुळात एक सीलंटच असतं, आणि तसं सीलंट तुम्ही घरी एका सकाळी लावू शकता.

आता वॅक्सचे प्रकार. कारनौबा हे ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या झाडाच्या पानांवर साठणारं मेण. पानं वाळवून, झोडपून त्याची भुकटी काढतात. नैसर्गिक मेणांमध्ये ते अतिशय कठीण समजलं जातं आणि ८२ ते ८६ अंशांना वितळतं, तर मधमाशीचं मेण साठीच्या पुढे लगेच विरघळतं. डब्यावर ‘१०० टक्के कारनौबा’ लिहिलेलं दिसलं तर त्याचा अर्थ डब्यात दुसरं काहीच नाही असा घेऊ नका. शुद्ध कारनौबा विटेसारखं कडक असतं, ते पसरवताच येत नाही. त्यात तेलं, द्रावक आणि इतर मेणं मिसळावीच लागतात. गडद रंगावर कारनौबाने येणारी खोली खरोखर सुंदर असते, आणि तुमच्या निळ्या रंगावर ती दिसेलही. पण उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीवर, मे महिन्याच्या उन्हात, ती फार काळ टिकत नाही. गडद बॉनेट दुपारी ७० अंशांच्या पुढे सहज तापतं आणि त्या मिश्रणातला मऊ भाग त्याला टिकाव धरत नाही. पाच-सहा आठवड्यांत पुन्हा लावायची तयारी असेल, हे काम आवडीने करणार असाल, तर कारनौबा जरूर घ्या. गाडी झाकलेल्या पार्किंगमध्ये असती तर मी कदाचित तेच सुचवलं असतं.

सिंथेटिक सीलंटमध्ये पॉलिमर आणि सिलिकॉनची संयुगं असतात. ती उन्हाला आणि शॅम्पूला जास्त दाद देत नाहीत. चकाकी थोडी काचेसारखी, कारनौबापेक्षा कमी ऊबदार दिसते, पण उघड्यावरच्या गाडीवर नीट लावलेलं सीलंट तीन-चार महिने काम करतं. लावायला आणि पुसायलाही ते पेस्ट वॅक्सपेक्षा सोपं, म्हणून पहिल्यांदा करणाऱ्याला मी हेच देतो. मेग्वायर्स, टर्टल वॅक्स, सोनॅक्स, थ्रीएम, वेव्हेक्स यांपैकी कुठल्याही कंपनीचं चालेल. या प्रकारातला त्यांच्यातला फरक तुम्ही रंग साफ करायला दिलेल्या एका तासापेक्षा लहान असतो. फक्त नकली माल टाळायला ओळखीच्या दुकानातून किंवा कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून घ्या.

‘क्लीनर वॅक्स’ नावाचा तिसरा प्रकार आहे. त्यात मेणासोबत बारीक घासणारा पदार्थ असतो. जुन्या, कळकट झालेल्या पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीला हे एकाच हातात बरंच उजळवतं. दोन वर्षांच्या गाडीला त्याची गरज नाही, आणि गडद रंगावर हाताने घासताना नवे पुसट डाग राहू शकतात.

सिरॅमिक स्प्रे वाईट नाहीत. पण पहिला थर म्हणून नाही, तर सीलंटवर दर महिन्याला धुतल्यानंतर मारायचा हलका हात म्हणून ते मला आवडतात. जास्त फवारलं की गडद रंगावर पट्टे दिसतात, म्हणून टॉवेलवर दोन फवारे आणि त्यातच एक पूर्ण दरवाजा. छोट्या बाटलीत मिळणारं खरं सिरॅमिक कोटिंग ही वेगळीच गोष्ट आहे. ते काही मिनिटांत समतल करावं लागतं, आणि चुकून जाडसर राहिलं तर मशीनने पॉलिश केल्याशिवाय निघत नाही. तुम्हाला पुढे ते करावंसं वाटलं तर करा, पण सुरुवात तिथून नको.

आता खरं काम, म्हणजे धुणं. तुमच्या गाडीवर शेजारच्या बांधकामाची धूळ आहे. त्यात सिमेंट असतं आणि खडी-क्रश सँडची काळ्या दगडाची भुकटी असते. सिमेंट अल्कधर्मी, दवाने ओलं झालं की चिकटतं. दगडाची भुकटी तुमच्या क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण. कोरड्या फडक्याने ही धूळ पुसली की तुम्हाला दिसणाऱ्या त्या गोल रेषा तयार होतात. म्हणून पहिला नियम असा की गाडीवर धूळ असताना तिला फडकं लावायचं नाही, आधी भरपूर पाणी मारायचं. पाइप असेल तर उत्तम, नसेल तर मगाने वरून खाली ओता, पण वाहत्या पाण्याने जितकी जाईल तितकी धूळ आधी जाऊ द्या.

मग दोन बादल्या घ्या, एकीत गाडीचा शॅम्पू मिसळलेलं पाणी, दुसरीत साधं. मायक्रोफायबरचा मिट, म्हणजे धुण्याचा हातमोजा, शॅम्पूत बुडवायचा, एक दरवाजा धुवायचा, साध्या पाण्यात खळबळून पिळायचा, मग पुन्हा शॅम्पूत. वरून खाली या, कारण सगळ्यात जास्त खडे दरवाजाच्या खालच्या भागात आणि चाकांच्या मागे असतात. चाकांसाठी वेगळं फडकं ठेवा आणि ते कधीही रंगावर लावू नका. भांडी घासायचं लिक्विड नेहमीच्या धुण्याला वापरू नका. ते चरबी काढायला बनलेलं आहे, जुनं वॅक्सही ओढून नेतं. सोसायटीत पाण्याची टंचाई असेल तर रिन्सलेस वॉश, म्हणजे नंतर पाणी न ओतता नुसतं पुसायचं द्रावण मिळतं, एका बादलीत गाडी धुऊन होते. पण बांधकामाच्या धुळीत त्याआधी स्प्रे पंपाने गाडी नीट भिजवून घ्या.

बोअरिंगचं पाणी हा तुमचा दुसरा मोठा शत्रू आहे. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार पाणी सुकलं की रंगावर गोल पांढरे डाग सोडतात, आणि उन्हात सुकले तर क्लिअर कोटमध्ये बसतात. म्हणून गाडी उन्हात धुऊ नका, आणि एक बाजू धुतली की लगेच पुसा. आधीच पडलेल्या ताज्या डागांवर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन ओलसर टॉवेल मिनिटभर ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा. न गेलेले डाग क्लिअर कोटमध्ये बसलेले आहेत, ते पॉलिशनेच जातील. त्यांच्यावर नख लावू नका.

धुऊन झाल्यावर पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घाला आणि बॉनेटवरून हळूच बोटं फिरवा. उघड्या हाताला गुळगुळीत वाटणारा पृष्ठभाग पिशवीतून खरखरीत लागेल. ते म्हणजे रंगाला चिकटलेले ब्रेकच्या धुळीतले लोखंडाचे कण, डांबराचे थेंब, झाडाचा चिकटा, सिमेंटचे बारीक ठिपके. शॅम्पूने हे जात नाहीत, आणि त्यावर वॅक्स लावलं तर घाण वॅक्सखाली बंद होते. डांबराला टार रिमूव्हर वापरा. लोखंडाला आयर्न रिमूव्हर मिळतो, तो कणांना लागला की जांभळा होतो. वास उग्र असतो, म्हणून मोकळ्या जागेत करा, आणि रंगावर सुकू न देता धुऊन टाका. जांभळे ओघळ किती निघतात ते बघून तुम्हालाही आश्चर्य वाटेल.

उरलेल्याला क्ले बार. यात लोक घाई करतात आणि गडद गाडीवर तिथेच नुकसान होतं. क्लेचा छोटा तुकडा तोडा, कोमट पाण्यात मऊ करून चपटा करा. ज्या भागावर काम करणार तो शॅम्पूच्या पाण्याने किंवा क्विक डिटेलरने (रंगावर फवारायचं निसरडं द्रव) चांगला भिजवा. क्ले घसरला पाहिजे, ओढला जाता कामा नये. बोटांचं वजन पुरे, दाबायचं नाही, सरळ रेषेत पुढे-मागे. सुरुवातीला खरखर ऐकू येईल, दोन-चार हातांत आवाज बंद होईल. मग पुढचा भाग. तुकडा काळा दिसला की घडी घालून स्वच्छ बाजू वर आणा. जमिनीवर पडला तर टाकून द्या, कितीही नवा असो. त्यात एक खडा अडकला तर बॉनेटभर रेघ उमटेल. क्ले वर्षातून एकदा, फार तर दोनदा पुरे, दर वॅक्सला नाही.

त्या गोल रेषा खूपच खुपत असतील तर क्लेनंतर आणि वॅक्सआधी फिनिशिंग पॉलिश हाताने एका छोट्या भागावर करून बघा. फरक दिसेल, पण पूर्ण गाडी हाताने पॉलिश करायला फार मेहनत आणि सराव लागतो. पहिल्या वेळी मी ते सुचवणार नाही. आधी वॅक्स करा, रेषा नव्याने पडणं थांबवा, आणि सहा महिन्यांनी डोळ्यांना खुपल्या तर मशीनने पॉलिश करणाऱ्याकडे एकदाच द्या.

आता वॅक्स. गाडी पूर्ण कोरडी हवी. आरशांच्या खाचा, दरवाजांचे हँडल, नंबर प्लेट आणि डिकीच्या कडा यांतून पाणी नंतर ओघळतं आणि नुकत्याच लावलेल्या वॅक्सवर पट्टा सोडतं. दरवाजे एकदा उघडून आपटा, कडा पुसा. गाडी सावलीत असावी आणि पत्रा थंड असावा. उपड्या हाताने बॉनेट तपासा, ऊब लागली तर थांबा. तापलेल्या पत्र्यावर द्रावक लगेच उडतं, वॅक्स चिकटून बसतं आणि पुसताना हात मोडतात. मेमध्ये पुण्यात सकाळी सहाला सुरू करा आणि नऊच्या आत संपवा, किंवा बेसमेंटमध्ये जागा मिळाली तर तिथे करा. थंडीत पहाटेचं दव पूर्ण पुसलं जाऊ द्या. भर पावसाळ्यात नको, हवेतल्या ओलाव्यामुळे थर नीट सुकत नाही.

पॅड किंचित ओलसर करा, पिळून. त्यावर लिक्विड सीलंटचे चार-पाच थेंब घ्या आणि साधारण दोन बाय दोन फुटांचा तुकडा करा. सरळ रेषेत, एकावर एक येणाऱ्या ओळींत पसरवा. गोल फिरवलं तर जग बुडत नाही, पण पॅडमध्ये चुकून काही अडकलं असेल तर सरळ रेघ गोल रेघेपेक्षा कमी दिसते. थर इतका पातळ हवा की तिरप्या उजेडात पुसटशी धुरकट झाक दिसावी, पांढरा लेप नाही. जाड थर जास्त टिकत नाही. रंगाला जितकं चिकटायचं तितकंच चिकटतं, उरलेलं सगळं तुम्ही टॉवेलने पुसून फेकता, आणि कडांमध्ये पांढरं जमा होतं. पोळीला तूप लावतो तसं, सगळीकडे लागलेलं, पण कुठेही थबकलेलं नाही.

काळ्या खडबडीत प्लास्टिकच्या पट्ट्यांवर, रबरी बीडिंगवर आणि आरशांच्या न रंगवलेल्या भागांवर वॅक्स जाऊ देऊ नका. तिथे ते पांढरं बसतं आणि सहज निघत नाही. पहिल्यांदा करताना सरळ मास्किंग टेप लावा, दहा मिनिटांचं काम आहे. तरीही लागलंच तर मऊ टूथब्रश आणि थोडं ऑल पर्पज क्लीनर घेऊन लगेच काढा.

किती वेळ थांबायचं हे बाटलीवर लिहिलेलं असतं, ते वाचा, कारण प्रत्येक उत्पादनाचं वेगळं असतं. बहुतेक सीलंट पूर्ण गाडीला लावून, पंधरा-वीस मिनिटांनी जिथून सुरुवात केली तिथून पुसता येतात. कारनौबा पेस्ट आपल्या हवेत एकेक भाग लावून लगेच पुसणं बरं. तयार झालंय का ते असं ओळखा की एका बोटाने हळूच ओढ द्यायची. खाली स्वच्छ चकाकणारी रेघ दिसली तर पुसा. तेलकट फराटा उमटला तर अजून थांबा.

पुसायला मायक्रोफायबर टॉवेल चार घडी घालून घ्या, म्हणजे आठ स्वच्छ बाजू मिळतात. पहिल्या बाजूने वरवर काढायचं, दुसऱ्या स्वच्छ बाजूने फिनिश. टॉवेल अडखळायला लागला की बाजू बदला. बरेच लोक एकाच टॉवेलने संपूर्ण गाडी पुसतात, मग शेवटच्या दोन दरवाजांवर पट्टे का राहिले म्हणून वॅक्सला दोष देतात. कुठे वॅक्स फारच कडक होऊन निघत नसेल तर जोर लावू नका. त्याच जागी पुन्हा अगदी थोडं ताजं वॅक्स लावा आणि लगेच पुसा, नव्यातलं द्रावक जुन्याला मऊ करतं.

दुसरा थर दुसऱ्या दिवशी लावला तर चांगलं. जाडी वाढते म्हणून नाही, तर पहिल्या वेळी सुटलेल्या जागा भरून निघतात म्हणून. नवख्या हाताकडून अशा जागा हमखास सुटतात, विशेषतः छतावर आणि दरवाजांच्या खालच्या भागात. पहिल्या दिवशी गाडी पाण्यापासून लांब ठेवा.

क्लेसकट पहिल्यांदा हे सगळं करायला अर्धा दिवस जाईल. नंतर फक्त धुणं आणि वॅक्स असेल तर दीड-दोन तासांत आटोपतं.

महाराष्ट्रातल्या उघड्या पार्किंगच्या गाडीला मी वर्षाचे दोन मोठे हात सांगतो. एक मेच्या शेवटी, पहिल्या पावसाच्या आधी, कारण चार महिने चिखल, डांबर आणि ओल्या पानांचा डाग झेलायचा असतो. दुसरा हात पाऊस संपल्यावर, दसऱ्याच्या आधी. दसऱ्याला बॉनेटवर हळद-कुंकवाचा स्वस्तिक निघणारच, झेंडूची माळ बसणारच, आणि ते असायलाच हवं. वॅक्स असलेल्या रंगावरून हळद-कुंकू दुसऱ्या दिवशी ओल्या टॉवेलने सहज जातं. फक्त ते रंगवलेल्या पत्र्यावर काढा, काळ्या प्लास्टिकवर नको. माळ टेपने चिकटवण्यापेक्षा दोऱ्याने ग्रिलला बांधा, आणि ओली फुलं सुकून कुजेपर्यंत गाडीवर ठेवू नका. या दोन हातांच्या मध्ये, धुतल्यावर महिन्यातून एकदा सिरॅमिक स्प्रे मारलात तर संरक्षण सलग राहील. कोकणात किंवा समुद्राजवळ राहणाऱ्यांनी खारट हवेमुळे हे अंतर आणखी कमी ठेवावं.

वॅक्स टिकलंय की गेलंय हे पाण्यावरून कळतं. ताज्या थरावर पाण्याचे गोल थेंब उभे राहतात आणि ओघळून जातात. थर गेला की पाणी सपाट पसरतं. पण तुमच्या बोअरिंगच्या पाण्यात त्या सुंदर थेंबांची एक गोम आहे. प्रत्येक थेंब एका जागी सुकला की त्यातले सगळे क्षार त्याच ठिपक्यावर जमतात. म्हणजे वॅक्स केल्यावर गाडी ओली ठेवून चालत नाही, उलट पुसणं जास्त महत्त्वाचं होतं.

पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चिकटा यांना वॅक्स पूर्ण थोपवत नाही, फक्त तुम्हाला वेळ मिळवून देतं. विष्ठा आम्लधर्मी असते आणि उन्हात काही तासांत क्लिअर कोटवर कायमचा डाग सोडू शकते. खरवडू नका, ओला टॉवेल दोन मिनिटं ठेवा, मऊ झाली की उचला. मोहोराच्या दिवसांत आंब्याखाली गाडी लावणं टाळा, तुडतुड्यांमुळे पडणारा तो गोड चिकटा उन्हात कडक बसतो.

आता काकांविषयी, कारण रोजचं पुसणं सुधारलं नाही तर हे सगळं महिन्याभरात वाया जाईल. त्यांचा यात दोष नाही. एका सकाळी वीस-तीस गाड्या, एक बादली, एक फडकं, आणि कोणीही त्यांना वेगळं काही सांगितलेलं नसतं. त्यांच्याशी नीट बोला. त्यांना तुमच्या गाडीसाठी वेगळे दोन मायक्रोफायबर आणि एक पाण्याचा स्प्रे द्या, आणि सांगा की काका, धूळ असेल तेव्हा कोरडं पुसू नका, फक्त काचा करा. पगार तोच ठेवा. रविवारी गाडी तुम्ही धुवा. माझ्याकडे येणाऱ्या गडद गाड्यांमध्ये ज्यांनी एवढं एक केलं त्यांच्या गाड्या बघता क्षणी ओळखू येतात. दुकानातली पिवळी शॅमॉय (गाडी पुसायचं गुळगुळीत कापड) मात्र कोणाच्याही हातात देऊ नका. तिला लव नसते, खडा अडकला की तो तसाच रंगावरून ओढला जातो. गाडीला रॉकेल किंवा डिझेलचा हात मारणारेही अजून दिसतात. त्याने तासभर चमक येते, मग त्या तेलावर धूळ चिकटते, आणि रबराची हानी होते ती वेगळी.

टॉवेल वेगळे धुवा, साध्या लिक्विड डिटर्जंटने, कपडे मऊ करणारं कंडिशनर न घालता, कारण ते धाग्यांवर थर सोडतं आणि टॉवेल मग पाणी शोषत नाही. सुती कपड्यांबरोबर टाकलेत तर त्यांचे तंतू मायक्रोफायबरला चिकटतात. वॅक्सची बाटली डिकीत ठेवू नका, तिथे उन्हाळ्यात ती तापून खराब होते.

राहिला तुमचा मागचा बंपर. कारखान्यातला रंग मोठ्या भट्टीत साधारण १४० अंशांना भाजलेला असतो, म्हणून नवी कोरी गाडी आणल्या दिवशीही वॅक्स करता येते. गॅरेजमध्ये रंगवलेला भाग कमी तापमानाला किंवा नुसत्या हवेत सुकवलेला असतो आणि त्यातलं द्रावक कितीतरी आठवडे बाहेर पडत राहतं. त्यावर सीलंटचा थर बसला तर ते आत कोंडतं आणि रंग मऊ किंवा निस्तेज राहू शकतो. ज्यांनी रंगवलं त्यांना कोणता क्लिअर कोट वापरला आणि बूथमध्ये तापवला का, हे विचारा. नक्की सांगता आलं नाही तर रंगवल्यापासून ६० ते ९० दिवस तो भाग वॅक्सशिवाय ठेवा, आयर्न रिमूव्हर आणि क्लेही तिथे नको, फक्त शॅम्पूने हलक्या हाताने धुवा. बाकीच्या गाडीला आत्ता वॅक्स करा, टेप लावून बंपर वगळा, आणि दसऱ्याच्या हातात त्यालाही घ्या.